नाइटिंगेलबाईंची पत्रें

फ्लॉरेन्स नाइटिंगेल हें नांव निघतांच आमच्या सुशिक्षितांच्या डोळ्यांपुढें हातांत दिवा घेतलेली एक दयाळू बाई उभी राहते. तें चित्र खोटें आहे असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु त्यानें बाईंचें खरें कार्य झांकलें गेलें आहे, अशी आमची तक्रार आहे.

सन १८५४ च्या अखेरीस बाई स्कुटारीच्या लष्करी इस्पितळांत दाखल झाल्या. शुश्रूषेंत त्यांनीं कसूर केली नाहीं, तरी त्या हिंवाळ्यांत रोगी पटापट मरतच होते. १८५५ च्या मार्चांत आरोग्य-कमिशन आलें, त्यानें गटारें उपसलीं, हवा खेळती केली, तेव्हां कोठें मृत्युसंख्या उतरली! दयेनें जें साधलें नाहीं तें गटार साफ केल्यानें साधलें, हा धडा बाईंनीं जन्मभर आंकड्यांनिशीं मंत्र्यांपुढें मांडला.

हिंदुस्थानांत त्यांचें पाऊल कधींच पडलें नाहीं. प्रकृति खालावल्यामुळें बराच काळ त्या खोलींतच होत्या. पण येथील लष्करी ठाण्यांस छापील प्रश्नावली गेली, आणि १८६३ च्या शाही कमिशनानें दाखविलें कीं, गोरे शिपाई दरसाल हजारीं ६९ या प्रमाणानें मरत, व तेहि बहुतांशीं लढाईंत नव्हे, रोगानें. आरंभीं बाईंस चिंता या शिपायाचीच होती, हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु शोध करतां करतां त्या छावणीबाहेर आल्या. खेड्यांतील पाणी, दुष्काळ, रयतेचें कर्ज यांवर लिहूं लागल्या. मुंबईचे गव्हर्नर फ्रिअर यांशीं त्यांचा पत्रव्यवहार होताच. पण पुण्याच्या सार्वजनिक सभेशीं व दादाभाई नौरोजींशींहि होता, हें आमच्यांतील कितीकांस ठाऊक आहे? सत्ता सुधारावी एवढेंच त्यांचें म्हणणें, ती सोडावी असें नव्हे. तेथें आमचा त्यांचा मतभेद आहे.

त्यांचें समग्र लेखन २००१ ते २०१२ या काळांत सोळा खंडांत प्रसिद्ध झालें आहे. दर १२ मे रोजीं परिचारिकांस गुलाबाचीं फुलें वांटणाऱ्या आमच्या व्यापारी बंधूंनीं यंदा एवढें करावें: आपल्या नगरपालिकेस लेखी विचारावें कीं, गतवर्षीं आमच्या पेठेंत किती माणसें दगावलीं, कशानें दगावलीं, नळास पाणी कोठून येतें, आणि सरकारी इस्पितळांत रात्रीं एका परिचारिकेच्या वांट्यास किती रोगी येतात. उत्तर न आल्यास पुन्हां विचारावें.