बालपणीच्या मानसिक आघातांवर पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मंत्री, उच्च व तंत्रशिक्षण,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : राज्यातील अकृषी विद्यापीठांत ‘बालविकास व मानसिक आघात’ हा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू करणेबाबत.

महोदय,

आम्ही मानसशास्त्र व समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यार्थी आणि बालगृहांत काम करणारे समुपदेशक आपणांस पुढीलप्रमाणे निवेदन सादर करीत आहोत.

बालगृहात नव्याने आलेले मूल पोटभर जेवूनही उशीखाली पोळी लपवते. दार आपटले की दचकते. मायेने पाठीवर हात ठेवला तरी अंग चोरते. शाळेत ते ‘हट्टी’ नाहीतर ‘ढ’ ठरते. ज्यांच्या आधाराने वाढायचे, त्यांच्याकडूनच मारहाण, अत्याचार किंवा उपेक्षा वर्षानुवर्षे वाट्याला आली, तर मुलाची झोप, लक्ष, भीती आणि माणसांवरचा विश्वास या साऱ्यांवर परिणाम होतो. ही चिन्हे ओळखणे शिकावे लागते. आम्हांला मात्र दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात या विषयावर जेमतेम एक-दोन तासिका मिळाल्या.

प्रश्न मोठा आहे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाच्या २००७च्या अहवालासाठी १३ राज्यांतील १२,४४७ मुलांकडून माहिती घेण्यात आली. त्यांपैकी ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक अत्याचाराचा एक वा अधिक प्रकार सोसल्याचे सांगितले. अमेरिकेत फेलिटी व अँडा यांच्या १९९८च्या अभ्यासात, बालपणी असे प्रतिकूल अनुभव जितके जास्त, तितका प्रौढपणी नैराश्याचा, व्यसनाचा आणि हृदयविकाराचा धोका अधिक आढळला.

कायद्याने हे ज्ञान गृहीतच धरले आहे. पोक्सो कायदा, २०१२च्या कलम ३९नुसार, खटल्यापूर्वी व खटल्यादरम्यान बालकाच्या मदतीला मानसशास्त्र, समाजकार्य व बालविकासाचे जाणकार घेण्यासाठी राज्याने मार्गदर्शक सूचना करायच्या आहेत. बाल न्याय कायदा, २०१५च्या कलम १५खालील आरोपी बालकाच्या प्राथमिक मूल्यमापनात, बाल न्याय मंडळावर बालमानसशास्त्र वा बालमनोविकारशास्त्राची पदवी असलेला सदस्य नसल्यास तज्ज्ञांची मदत घेतलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितले. कायदा जाणकार मागतो. तो घडवणारा अभ्यासक्रम मात्र आम्ही शिकतो तिथे नाही.

आमच्या मागण्या :

१. राज्याच्या सहाही महसुली विभागांत किमान एका शासकीय विद्यापीठात हा अभ्यासक्रम पुढील शैक्षणिक वर्षापासून सुरू करावा.

२. तोवर एम.ए. (मानसशास्त्र), एम.एस.डब्ल्यू. व बी.एड.मध्ये या विषयाची एक सक्तीची अभ्यासपत्रिका ठेवावी. मुलाच्या वागण्यातला बदल बहुधा आधी शिक्षकालाच दिसतो.

३. बालगृहे, जिल्हा रुग्णालये, आश्रमशाळा व ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीची हंगामी वसतिगृहे येथे अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली क्षेत्रकार्य असावे व त्या काळात विद्यावेतन मिळावे. शिकाऊ विद्यार्थ्याने मुलाला अत्याचाराची हकीकत पुन्हा सांगायला लावू नये, असा स्पष्ट नियम करावा. मुलाचे दुःख हे प्रबंधाचे साहित्य नव्हे.

४. पाठ्यपुस्तके व मूल्यमापन चाचण्या मराठीत तयार कराव्यात. गोंडी, भिली, कोरकू बोलणाऱ्या मुलांसाठी त्या त्या भाषेतील साधने तयार व्हावीत. केवळ भाषांतर नको, त्या मुलांवर पडताळणीही व्हावी.

५. भारतीय पुनर्वास परिषदेशी बोलून या पदवीधरांचे अधिकार व मर्यादा आधीच जाहीर कराव्यात, तसेच जिल्हा बाल संरक्षण कक्षातील समुपदेशकपदासाठी ही पदवी ग्राह्य धरावी.

६. असे अनुभव रोज ऐकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी विनामूल्य व गोपनीय समुपदेशनाची सोय असावी. त्यांच्यापैकी काहींचे बालपणही असेच गेलेले असते.

वरील मागण्यांवर विचार करण्यासाठी विद्यापीठे, महिला व बालविकास विभाग, आरोग्य विभाग आणि प्रत्यक्ष काम करणारे समुपदेशक यांची समिती नेमावी आणि तिला अहवालासाठी ९० दिवसांची मुदत द्यावी. आमच्या शिष्टमंडळास भेटीची वेळ मिळावी, ही विनंती. अभ्यासक्रमाचा कच्चा आराखडा आम्ही सोबत आणू.

आपले विश्वासू,
मानसशास्त्र व समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यार्थी आणि बालगृह समुपदेशक

प्रत माहितीसाठी : मा. मंत्री, महिला व बालविकास, महाराष्ट्र राज्य