अनंतात दुसरी पृथ्वी
विश्व अनंत असेल तर त्यात कुठेतरी हुबेहूब दुसरी पृथ्वी असलीच पाहिजे, हे विधान इतक्या सहजपणे केले जाते की त्यामागची गृहीतके क्वचितच तपासली जातात. फ्रेंच क्रांतिकारक ओग्यूस्त ब्लांकी यांनी समुद्रातल्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिलेल्या आणि 1872 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात हाच युक्तिवाद आहे: मूलद्रव्ये मोजकी, अवकाश अमर्याद, म्हणून निसर्गाला त्याच त्या रचना पुन्हा कराव्याच लागतात. पुढे 2003 मध्ये मॅक्स टेगमार्क या भौतिकशास्त्रज्ञाने एखाद्या माणसाची तंतोतंत प्रत किती दूर असेल याचा अंदाज मांडला. ते अंतर मीटरमध्ये लिहायचे तर एकावर जितकी शून्ये द्यावी लागतील, त्या शून्यांची संख्याच एकावर 28 शून्ये इतकी आहे, आणि त्यापुढे दृश्य विश्वाची सुमारे 46 अब्ज प्रकाशवर्षांची त्रिज्या नगण्य ठरते. तथापि केवळ अनंतता पुरेशी नाही. 0.1010010001… या संख्येत दोन एकांमधली शून्ये वाढत जातात, ती कधीच संपत नाही, तरी तिच्यात 2 हा अंक एकदाही येत नाही. संभाव्यता, म्हणजे घटना घडण्याच्या शक्यतेचे 0 ते 1 मधले माप, अनंत प्रयत्नांत 1 वर पोहोचते याची हमी मिळते ती प्रयत्न परस्परांपासून स्वतंत्र असतील आणि प्रत्येकात ती शक्यता ठरावीक व शून्याहून मोठी असेल तर. विश्वाचे दूरचे प्रदेश या अटी पाळतात असे कोणत्याही दुर्बिणीने दाखवलेले नाही, कारण तिथला प्रकाश अद्याप इथे पोहोचलेलाच नाही.