रोनाल्डो नसला तरी फातोर्ड्याला जायचेच!

नरकासुर जाळून झाले, कारीट फोडून झाले, पाच प्रकारचे फोवही खाऊन झाले. उद्या, २२ ऑक्टोबरला पाडवा. त्याच संध्याकाळी फातोर्ड्याच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर आपला एफसी गोवा आणि सौदी अरेबियाचा अल नस्र हे संघ एएफसी चॅम्पियन्स लीग टू स्पर्धेत समोरासमोर येत आहेत.

ऑगस्टमध्ये गट जाहीर झाले तेव्हापासून घराघरात एकच प्रश्न होता, रोनाल्डो येणार का? तो संघाबरोबर आलेला नाही. तिकीट काढून ठेवलेल्या काही मंडळींचा हिरमोड झाला आहे. ‘आता कशाला जायचे?’ असेही कानावर येते. आम्हाला वाटते, आता तर जायलाच हवे.

आधी हिशेब पाहू. गटात चार संघ, प्रत्येकाचे सहा सामने आणि पहिले दोन संघ पुढे. दोन फेऱ्यांनंतर अल नस्रचे ६ गुण, इराकचा अल झवरा आणि ताजिकिस्तानचा इस्तिक्लोल यांचे प्रत्येकी ३, आणि आपले शून्य. या दोघांकडूनही आपण २-० असे हरलो, म्हणजे खात्यात गुणही नाही आणि गोलही नाही. पण चार सामने बाकी आहेत आणि दुसरे स्थान तीनच गुणांवर आहे. उद्या ते दोघे आपसात खेळतील. तेथे बरोबरी झाली आणि आपण एक जरी गुण मिळवला, तरी अंतर वाढणार नाही आणि पुढचे सामने नुसते उपचार ठरणार नाहीत.

रोनाल्डो नाही म्हणून सामना सोपा झाला, असे मात्र कोणी समजू नये. सादिओ माने, जोआव फेलिक्स, किंग्सली कोमान असे खेळाडू या क्लबकडे आहेत, प्रशिक्षक जॉर्ज जेझससारखा मुरलेला माणूस आहे. कागदावर तुलनाच नाही.

मग आशा कशाच्या जोरावर? २०२१ आठवा. चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा एफसी गोवा हा पहिला भारतीय क्लब ठरला, तो याच मैदानावर. कतारचा अल रय्यान आणि अमिरातीचा अल वाहदा यांना आपण गोलशून्य बरोबरीत रोखले. इराणच्या पर्सेपोलिसविरुद्ध पहिला गोल आपणच केला, सामना २-१ असा गेला तरी. करोनामुळे तेव्हा स्टेडियम रिकामे होते आणि आपण घरी टीव्हीसमोर होतो. त्या वेळी मैदानावर जे नव्हते, ते उद्या आपण देऊ शकतो.

याच ऑगस्टमध्ये ओमानच्या अल सीबला २-१ असे हरवून आपण गटात आलो, तेही फातोर्ड्यातच. मानोलो मार्केझ यांचा संघ चेंडू ताब्यात ठेवून खेळायला शिकलेला आहे. पण उद्या चेंडू बराच वेळ समोरच्यांकडे राहील. संदेश झिंगनच्या बचावफळीने पहिली वीस मिनिटे घट्ट काढली, बोर्हा हेरेराच्या फ्री किक आणि कॉर्नर अचूक पडले आणि आपल्या गोव्याच्या ब्रायसन फर्नांडिसला पळायला मोकळी जागा मिळाली, तर गोल होऊ शकतो.

यापेक्षाही मोठी गोष्ट वेगळी आहे. देशातली मुख्य लीग सध्या बंद पडली आहे. महासंघाने २०१० मध्ये केलेला १५ वर्षांचा व्यावसायिक हक्कांचा करार या डिसेंबरात संपतो. त्याचे पुढे काय, हे न ठरल्याने जुलैत हंगाम स्थगित झाला. खेळाडूंना सामने नाहीत, लहान क्लबांना उद्याची शाश्वती नाही. आमच्या पिढीने धेंपो, साळगावकर, चर्चिल ब्रदर्स यांचे भरलेले सामने पाहिले, ब्रह्मानंद शंखवाळकरांना गोलपोस्टमध्ये उभे पाहिले. २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले, तेव्हाची चुटपुट अजून गेलेली नाही. आज मैदानावर सराव करणाऱ्या गोव्याच्या मुलाला ‘पुढे काय?’ याचे उत्तर हवे आहे. ते न्यायालय आणि महासंघ देतील तेव्हा देतील. फुटबॉल बघायला माणसे येतात, एवढे तर आपण दाखवू शकतो. शिवाय याच आठवड्यात सुपर कपही गोव्यातच सुरू होतो आहे.

तेव्हा पाडव्याची ओवाळणी दुपारीच उरकून घ्यावी, नारिंगी शर्ट काढून ठेवावा, फोंडा-म्हापशाकडच्यांनी वाहतूक लक्षात घेऊन लवकर निघावे. नातवंडांना बरोबर आणावे. रोनाल्डो दिसला नाही, तरी आपल्याच गावचा मुलगा आशियातल्या बड्या संघाला भिडताना त्यांना दिसेल.

आमचा अंदाज विचाराल तर डोके ३-० म्हणते, अल नस्रच्या बाजूने. मन १-१ म्हणते. बँकेत आयुष्यभर डोक्याचे ऐकले. उद्या मनाचे ऐकणार आहोत.