लोकलच्या मोटरीचे भाकीत

सकाळच्या वेळी भाईंदरहून चर्चगेटकडे निघालेल्या लोकलमध्ये पाय ठेवायला जागा नसते. रेल्वेच्या हिशेबात या गर्दीचे माप चौरस मीटरला चौदा ते सोळा उभे प्रवासी असे आहे. हे ओझे घेऊन गाडीने वेग घ्यायचा, काही मिनिटांत मीरा रोडला थांबायचे आणि पुन्हा निघायचे. त्यात पावसाने रूळ ओले झाले की चाके जागीच फिरू लागतात. प्रवाशाला जाणवतो तो केवळ एक हिसका. तो बसू न देण्याचे काम मोटरींना वीज पुरविणाऱ्या नियंत्रण-यंत्रणेचे.

बोरिवली ते विरार या पट्ट्याचे विद्युतीकरण १९३६ सालचे. तेव्हाच्या १५०० व्होल्ट डीसी व्यवस्थेत गाडीचा वेग रोधकांच्या साह्याने आवरला जाई आणि उरलेली वीज उष्णता होऊन वाया जाई. पश्चिम रेल्वेवर २५ हजार व्होल्ट एसीचे स्थित्यंतर २०१२ मध्ये पूर्ण झाले. त्याआधीच, २००७ पासून, सीमेन्सची विद्युत-यंत्रणा असलेल्या नव्या गाड्या आल्या होत्या. या गाड्यांची थ्री-फेज मोटर ब्रेक लावताना जनित्र बनते आणि वीज तारेत परत पाठवते. ही बचत तीस टक्क्यांच्या घरात असल्याचे रेल्वे सांगते. जुन्या डीसी उपकेंद्रांना अशी वीज मुख्य जाळ्यात परत घेता येत नसे. जवळ दुसरी गाडी वेग घेत असेल तरच ती कामी येई.

या मोटरींवर हुकूमत कोणाची, हा पुढचा प्रश्न. सत्तरच्या दशकापासून ‘वेक्टर नियंत्रण’ रूढ झाले. मोटरीतील प्रवाह मोजायचा, चूक दिसली की दुरुस्त करायची, असा त्याचा शिरस्ता. ‘मॉडेल प्रेडिक्टिव्ह कंट्रोल’ चूक होण्याची वाट पाहत नाही. साध्या इन्व्हर्टरमध्ये स्विचांच्या तीन जोड्या, म्हणजे एकूण आठच स्थिती संभवतात. प्रत्येक स्थिती निवडली तर पुढच्या क्षणी प्रवाह कोठे जाईल, हे मोटरीच्या गणिती प्रतिरूपावरून सेकंदाच्या काही दशसहस्रांशांत काढायचे आणि सर्वांत कमी ‘किमतीची’ स्थिती लागू करायची. बुद्धिबळात चाल खेळण्यापूर्वी उत्तर ताडून पाहावे, तसेच हे. मूळ कल्पना सत्तरच्या दशकातील तेलशुद्धीकरण कारखान्यांतली; तिथे निर्णयाला मिनिटे मिळत. मोटरीला तेवढा अवधी नसतो, त्यामुळे वेगवान चिप स्वस्त होईपर्यंत थांबावे लागले. एबीबीसारख्या कंपन्यांनी पुढे मोठ्या औद्योगिक ड्राइव्हमध्ये ती आणली.

‘किंमत’ ठरविणे अभियंत्याच्या हाती असते, आणि खरे मर्म तेथेच आहे. उच्च शक्तीच्या प्रत्येक स्विचिंगमध्ये उष्णता निर्माण होते. स्विचिंग कमी ठेवूनही जोर सुरळीत मिळावा, अशी अट या गणितात सरळ घालता येते.

तरीही लोकलला ही पद्धत उद्याच जोडा, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. मोटर तापली की तिचा रोध बदलतो आणि प्रतिरूप खोटे पडते. दुसरी अडचण अधिक गंभीर. या पद्धतीच्या साध्या रूपात स्विचिंगची वारंवारता स्थिर राहत नाही, आणि त्यातून उठणारे विद्युत-तरंग रुळांतून वाहणाऱ्या सिग्नलच्या प्रवाहात मिसळू शकतात. गाडी कोठे आहे हे ओळखणारे ट्रॅक सर्किट फसले, तर वाचलेल्या विजेचे कौतुक कोण करणार? त्यामुळे कोणत्या वारंवारतेला किती प्रवाह चालेल, या मर्यादा प्रत्येक नव्या गाडीला पाळाव्याच लागतात.

एमयूटीपी-३ आणि ३ अ या प्रकल्पांत २३८ वातानुकूलित गाड्यांची तरतूद आहे. यांपैकी ३ अ ला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी २०१९ मध्येच मिळाली, निविदांचे घोडे मात्र दीर्घकाळ अडून राहिले. चर्चा होते ती दरवाजे आणि तिकीटदर यांची. परत येणाऱ्या विजेची हमी किती, नियंत्रण-संगणकाची आज्ञावली रेल्वेच्या हाती राहणार की पुरवठादाराच्या, हे कोणी विचारत नाही. लोकलची गाडी दोन-तीन दशके धावते. त्या काळात यंत्रणेची एखादी चिप कालबाह्य झाली आणि आज्ञावली कुलूपबंद असली, तर सुधारणेसाठी पुरवठादाराचेच दार ठोठवावे लागेल, तेही त्याच्या दराने.