स्वस्त गोणीची महाग किंमत

मृगाचा पाऊस पडला की कृषी सेवा केंद्रांपुढे रांगा लागतात आणि 'युरियाची टंचाई' हा मथळा वृत्तपत्रांत न चुकता झळकतो. शहरातील वाचक तो वाचून पान उलटतो. खत हा शेतकऱ्याचा प्रश्न, अशी त्याची समजूत असते. प्रत्यक्षात या गोणीचे निम्म्याहून अधिक पैसे सरकारी तिजोरीतून जातात आणि पिकाने न घेतलेले नत्र विहिरी व कूपनलिकांच्या वाटे पिण्याच्या पाण्यात उतरते. म्हणून हा प्रश्न शहराचाही आहे.

आधी एक गैरसमज दूर करायला हवा. रासायनिक खत म्हणजे विष नव्हे. १९६०च्या दशकात परदेशी गव्हावर विसंबून असलेला हा देश अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला, त्यात सुधारित बियाणे आणि सिंचनाइतकाच वाटा रासायनिक खतांचा होता. खताच्या वापरापेक्षा त्याच्या असमतोलाने आज अधिक नुकसान होत आहे.

पिकाला नत्र, स्फुरद आणि पालाश ही तीन मुख्य अन्नद्रव्ये लागतात. देशपातळीवर त्यांचे ४:२:१ हे प्रमाण ढोबळमानाने योग्य मानले जाते. २०२३-२४ मध्ये मात्र पालाशाच्या एका भागामागे नत्राचे जवळपास अकरा भाग वापरले गेले. हा असमतोल शेतकऱ्याच्या अज्ञानातून आला, असे म्हणणे सोपे आहे. इतिहास वेगळे सांगतो.

ऑगस्ट १९९२ मध्ये केंद्र सरकारने स्फुरद आणि पालाशयुक्त खते नियंत्रणमुक्त केली, युरिया मात्र नियंत्रणातच ठेवला. त्यापूर्वी ५.९:२.४:१ असलेले प्रमाण एकाच वर्षात ९.५:३.२:१ झाले. १ एप्रिल २०१० पासून अन्नद्रव्यांवर आधारित अनुदानाची योजना आली. तिच्यातूनही युरिया वगळण्यात आला. परिणामी २०२५ मध्येही युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांना, तर डीएपीची ५० किलोची गोणी १,३५० रुपयांना मिळत होती. पोटॅशची गोणीही युरियाच्या कित्येक पट महाग होती. हाती पैसा कमी असलेला शेतकरी कोणती गोणी उचलेल, हे सांगायला कृषितज्ज्ञ नको. २०१५ पासून सरकार मृद आरोग्य पत्रिका वाटत आहे. पण पत्रिकेवरील शिफारशीपेक्षा गोणीवरील किंमत मोठ्या अक्षरात वाचली जाते.

काळोखीचा मोह

युरियाचा परिणाम चार-सहा दिवसांत डोळ्यांना दिसतो. पिकाला 'काळोखी' येते, पाने हिरवीगार होतात. मात्र नत्र प्रमाणाबाहेर गेले की पाने लुसलुशीत होतात, मावा-तुडतुड्यांसारख्या रसशोषक किडी वाढतात, फवारणीचा खर्च चढतो आणि भात-गव्हासारखे पीक लोळते. उसाला उशिरा व जादा नत्र दिल्यास वजन दिसते, पण साखरेचा उतारा घटतो. जस्त, गंधक यांसारख्या अन्नद्रव्यांची उणीव नत्राने भरून निघत नाही. शेणखत कमी पडल्याने सेंद्रिय कर्ब घटत गेला, तर तेच उत्पादन घेण्यासाठी दरवर्षी अधिक खत लागते.

शिवाय दिलेल्या नत्रापैकी साधारण ३० ते ४० टक्केच पिकाच्या उपयोगी पडते. दख्खनच्या काळ्या, चुनखडीयुक्त जमिनीत युरिया वरून फेकला आणि मातीआड केला नाही, तर त्यातील बरेचसे नत्र अमोनियाच्या रूपाने हवेत उडते. काही भाग नायट्रस ऑक्साइड बनतो. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट तापमानवाढ घडवतो. उरलेला भाग नायट्रेट होऊन पाण्यासोबत खाली झिरपतो.

नळापर्यंतचा प्रवास

पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही नायट्रेटची भारतीय मानकांनुसार कमाल मर्यादा आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालानुसार देशातील तपासलेल्या नमुन्यांपैकी सुमारे एक पंचमांश नमुने या मर्यादेपलीकडे होते. महाराष्ट्रात हे प्रमाण एक तृतीयांशाहून अधिक होते. याचा सगळा दोष खतांचा नाही. सांडपाणी आणि गुरांचे मलमूत्र हेही त्यास कारणीभूत आहेत. धोका सर्वाधिक आहे तो वरच्या दुधावर असलेल्या, सहा महिन्यांखालील बालकांना. नायट्रेटमुळे त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते आणि अंग निळसर पडते. अनेकांना ठाऊक नसते की पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट त्याची तीव्रता वाढते. टँकर किंवा कूपनलिकेवर अवलंबून असलेल्या गृहसंस्थांनी पाण्याची नायट्रेट तपासणी करून घेणे म्हणूनच शहाणपणाचे आहे.

उपाय कोणता?

एका रात्रीत खते बंद करणे हा उपाय नव्हे, हे श्रीलंकेने दाखवून दिले. २०२१ मध्ये तेथे रासायनिक खतांच्या आयातीवर बंदी आली. भाताचे व चहाचे उत्पादन घसरले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. आपल्याकडे २०१५ मध्ये युरियाला निंबोळी तेलाचे आवरण सक्तीचे झाले, २०१८ मध्ये गोणी ५० वरून ४५ किलोची करण्यात आली. मूळ दुखणे असलेल्या किमतीतील तफावतीला मात्र कोणत्याच सरकारने हात घातला नाही, कारण युरियाची दरवाढ मतपेटीत महाग पडते.

२०२२-२३ मध्ये खत अनुदानावर सुमारे अडीच लाख कोटी रुपये खर्च झाले. हा पैसा काढून घेण्याची गरज नाही, त्याची दिशा बदलण्याची आहे. युरिया टप्प्याटप्प्याने अन्नद्रव्याधारित योजनेत आणावा. त्यातून वाचणारी रक्कम पोटॅश, सेंद्रिय खते आणि माती परीक्षणासाठी थेट शेतकऱ्याच्या हाती पडावी. आधी भरपाई आणि मग दरवाढ हाच क्रम असायला हवा. तो उलटला, तर तीस वर्षांच्या धोरणदोषाचा भुर्दंड पुन्हा दोन एकरवाल्यालाच बसेल आणि गोणी स्वस्त ठेवण्याची मागणी अधिकच तीव्र होईल.