लोण्यावाचून बटाटा

उकडलेला बटाटा गुठळी न राहील इतका कुस्करून, त्यात दूध, लोणी आणि मीठ मिसळून केलेला 'मॅश्ड पोटॅटो' हा युरोपीय स्वयंपाकातला पदार्थ दुधदुभत्याशी इतका जखडला गेला आहे, की तो व्हीगन पद्धतीने, म्हणजे दूध, तूप, लोणी, अंडी, मध अशा कोणत्याही प्राणिजन्य घटकावाचून, करावयाचा ठरला की बहुतेकांचा पहिला प्रश्न 'लोण्याऐवजी काय घालायचे?' हाच असतो. प्रश्न स्वाभाविक आहे, पण तो चुकीच्या टोकापासून विचारला जातो; कारण या पदार्थाचा मलईदारपणा मुख्यतः बटाटा कसा शिजवला आणि कसा कुस्करला यावर अवलंबून असतो, आणि त्या दोन्ही गोष्टी साधल्या नाहीत तर उत्तमातले उत्तम लोणीही फारसे काही करू शकत नाही, इतकेच की ते चूक झाकते.

लोण्याचे हे वर्चस्व जुने आहे. हॅना ग्लास या इंग्रज लेखिकेच्या १७४७ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या पाकशास्त्राच्या पुस्तकातील कृतीत दोन पौंड बटाट्यांना एक पाइंट दूध आणि पाव पौंड लोणी सांगितले आहे, म्हणजे सुमारे ९०७ ग्रॅम बटाट्यांना ११३ ग्रॅम लोणी. आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये ज्यांच्या बटाट्याच्या प्युरेने कीर्ती मिळवली त्या जोएल रोबुशाँ यांच्या छापील कृतीत तर एक किलो बटाट्यांना पाव किलो लोणी आहे. तथापि, त्याच युरोपच्या दक्षिणेस, ग्रीसमध्ये, 'स्कोर्दालिया' नावाचा जो पदार्थ परंपरेने केला जातो त्यात उकडलेला बटाटा, मिठाबरोबर कुटलेला लसूण, ऑलिव्हचे तेल आणि लिंबू किंवा व्हिनेगर यांखेरीज बहुधा काहीच नसते (काही भागांत बटाट्याऐवजी भिजवलेला पाव किंवा अक्रोड वापरतात), आणि तरीही तो गुळगुळीत, दाट आणि जिभेवर रेशमी लागतो. ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती पंथात ईस्टरपूर्वीच्या दीर्घ उपवासात दूध व लोणी वर्ज्य असते, आणि तेलावर उभा असलेला हा प्रकार त्या उपवासाच्या दिवसांशी चांगला जुळतो. मराठी घरातील उपवासाची पानावरची मांडणी याहून वेगळी असते, कारण तेथे दूध आणि बटाटा दोन्ही चालतात. आणि काटेकोर जैन आहारात तर दूध चालते पण बटाटा चालत नाही. वर्ज्यावर्ज्याच्या या तीन चौकटी शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे व्हीगन विचार भारतीय शाकाहाराचीच एखादी कडक आवृत्ती आहे हा समज किती वरवरचा आहे ते दिसते. १९४४ साली इंग्लंडमध्ये डॉनल्ड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हीगन सोसायटी स्थापन केली ती दुधाचाही त्याग करण्याच्या आग्रहापोटी, आणि शुद्धाशुद्धतेच्या आपल्याकडील कल्पनांशी तिचा थेट संबंध नाही.

आता मूळ मुद्द्याकडे, म्हणजे बटाट्याच्या अंतरंगाकडे, यावयास हवे. बटाट्याचा गर असंख्य सूक्ष्म पेशींचा बनलेला असतो. प्रत्येक पेशीत पिष्टाचे म्हणजे स्टार्चचे कण भरलेले असतात, आणि या पेशी एकमेकींना पेक्टिन नावाच्या द्रव्याने चिकटलेल्या असतात. पाणी साधारण साठ अंशांच्या पुढे तापू लागले की पिष्टाचे कण पाणी शोषून फुगतात आणि पेशीच्या आतच त्यांचा घट्ट रस होतो, ज्याला शास्त्रात जिलेटिनीकरण म्हणतात. तापमान आणखी चढले की पेक्टिन विरघळू लागते, पेशी एकमेकींपासून सुटतात आणि बटाटा बोटाने दाबताच मोडतो. कुस्करणाऱ्याचे काम येथे नेमके एवढेच असते, की सुटलेल्या पेशी वेगळ्या कराव्यात पण फोडू नयेत. पेशी फुटल्या की आतला फुगलेला पिष्टरस बाहेर येतो, आणि त्यातील अमायलोज नावाचा लांब साखळीचा घटक सगळ्या गोळ्याला चिकट व तारदार करून टाकतो. मिक्सरच्या भांड्यात बटाटा घालून बटण दाबले की अर्ध्या मिनिटात त्याची अक्षरशः खळ होते, ती याच कारणाने, आणि एकदा खळ झालेला बटाटा कोणत्याही उपायाने मूळ पदावर येत नाही.

यास्तव साधनाची निवड ही घटकांच्या निवडीपेक्षा आधी येते. पाश्चात्त्य स्वयंपाकघरात या कामासाठी बटाटा बारीक भोकांतून दाबून काढणारे हातदांड्याचे साधन किंवा चाळणीवर पाते फिरवणारी हातगिरणी वापरतात; फ्रान्समध्ये झाँ माँतले यांनी १९३२ च्या सुमारास अशी भाज्यांची गिरणी बाजारात आणली आणि पुढे मूलिनेक्स ही कंपनी त्याच वाटेने उभी राहिली. मराठी घरांत यासाठी काहीही विकत आणावे लागत नाही, कारण होळी आणि पोळ्याला माळ्यावरून खाली येणारे पुरणयंत्र हे रचनेने हीच गिरणी आहे: भोके असलेली जाळी, तिच्यावर तिरके टेकलेले पाते, आणि शिजलेली डाळ जाळीतून खाली रेटणारा दांडा. पुरणासाठी दांडा जोराने व भराभर फिरवला तरी बिघडत नाही, कारण हरभऱ्याच्या डाळीचे पिष्ट बटाट्याइतके चिकटपणाकडे झुकत नाही. बटाट्यासाठी मात्र यंत्रात थोडा थोडा गर घालून, दांडा सावकाश फिरवून, एकदा खाली पडलेला गर पुन्हा वर न घालणे इष्ट ठरते. पुरणयंत्र नसेल तर सोऱ्यात बारीक शेवेची ताटली बसवून बटाटा दाबून काढणे हाही उत्तम मार्ग आहे, आणि काही बाबतींत अधिक सुरक्षित, कारण सोऱ्यात नुसता दाब असतो, घासणे जवळजवळ नसते. पावभाजीचा मॅशर चालतो, पण त्याने गुठळ्या राहतात आणि त्या मोडण्याच्या नादात हात नको तितका चालतो.

बटाट्याच्या जातीचा विचार येथे ओघानेच येतो. पिष्ट जास्त आणि पाणी कमी असलेला बटाटा शिजल्यावर पिठूळ होतो व त्याच्या पेशी सहज सुटतात, तर पाणीदार बटाटा काप टिकवून धरतो, म्हणून तो रश्श्याला बरा पण कुस्करण्यास हट्टी असतो. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने, जी १९४९ साली पाटण्यात स्थापन झाली आणि पुढे सिमल्यास हलली, विकसित केलेल्या वाणांची नावे सिमल्याजवळच्या कुफरी या ठिकाणावरून पडली आहेत. त्यांपैकी वेफर्सच्या कारखान्यांसाठी काढलेल्या कुफरी चिप्सोनामध्ये घन अंश जास्त असतो, तर लवकर निघणारा कुफरी पुखराज पाणीदार असतो. भाजीवाल्याकडे वाणाचे नाव विचारून सहसा उपयोग होत नाही, तेथे 'इंदूर', 'आग्रा', 'तळेगाव' अशी गावांची नावेच चालतात. म्हणून घरी करता येण्याजोगी परीक्षा अशी, की एक वाटी मीठ अकरा वाट्या पाण्यात विरघळवून त्यात बटाटा सोडावा, पिठूळ असेल तर तो बुडतो, पाणीदार असेल तर तरंगतो. शीतगृहातून नुकताच आलेला बटाटा गोडसर लागतो, कारण थंडीत त्यातील काही पिष्टाची साखर होते. तो आठवडाभर घरातल्या हवेवर, पण अंधारात, राहू दिला तर गोडी बरीचशी उतरते.

शिजवण्याबाबत दोन रीती आहेत आणि दोन्ही रास्त आहेत. पहिलीत सोललेले, साधारण दीड इंचाचे सारखे तुकडे गार, मिठाच्या पाण्यात घालून मग आच लावतात, म्हणजे बाहेरचा थर विरघळून जाण्याआधी आतला भागही शिजतो. दुसरी रीत आपल्या कुकरची: सालासकट अखंड, शक्यतो एकाच आकाराचे बटाटे कुकरच्या भांड्यात, त्या भांड्यात पाणी न घालता, नुसत्या वाफेवर शिजवावेत, म्हणजे ते पाणी पीत नाहीत आणि फुटून बुळबुळीत होत नाहीत. यांखेरीज एक तिसरी, थोडी चिकाटीची रीत आहे, जी बटाट्याच्या तयार चुऱ्याच्या उद्योगात वापरली जाते आणि हेस्टन ब्लुमेन्थाल या ब्रिटिश शेफने आपल्या कृतींत स्वीकारली: कापलेले तुकडे सुमारे सत्तर अंशांच्या पाण्यात अर्धा तास ठेवून, पूर्णपणे गार करून, मग नेहमीप्रमाणे शिजवायचे. पहिल्या टप्प्यात पिष्ट फुगते, गार होताना अमायलोजच्या साखळ्या एकमेकींना बिलगून घट्ट बसतात आणि नंतरच्या उकळीत बाहेर येऊन चिकटपणा करत नाहीत. ज्या घरात स्वयंपाकाचा तापमापक आहे तेथेच हे जमण्यासारखे आहे, आणि चार माणसांच्या रोजच्या जेवणासाठी इतका खटाटोप करावा असे म्हणवत नाही.

कोणत्याही रीतीत आंबट पदार्थ शिजताना घालू नये. चिंच आधी पडली तर रश्श्यातला बटाटा दडदडीत राहतो हे मराठी घरात सांगावे लागत नाही. आम्लामुळे पेक्टिन विरघळण्यास अडथळा येतो हे त्यामागचे कारण, आणि बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियमही पेक्टिनला बांधून असाच अडथळा करते. शिजलेला बटाटा निथळून, रिकाम्या गरम पातेल्यात परत टाकून, मंद आचेवर एक-दोन मिनिटे हलवला की कडा पांढुरक्या व कोरड्या दिसू लागतात. ही वाफ जाऊ देणे अत्यावश्यक आहे, कारण जितके पाणी निघून जाते तितकी पुढे घालावयाच्या स्निग्ध रसाला जागा होते. कुस्करणे मात्र गरम असतानाच व्हावे. गार बटाट्यात पेशी पुन्हा घट्ट धरून बसतात आणि दाब दिला की सुटण्याऐवजी फुटतात.

एवढे झाल्यावर 'लोण्याऐवजी काय' हा प्रश्न विचारण्यास हरकत नाही, आणि आता त्याचे उत्तर सोपे होते. लोण्यात सुमारे ऐंशी टक्के स्निग्धांश, पंधरा-सोळा टक्के पाणी आणि थोडे दुधाचे घन पदार्थ असतात. म्हणजे शंभर ग्रॅम लोण्याचे काम ऐंशी ग्रॅम तेल आणि थोडे पाणी मिळून करू शकतात, फक्त त्यांना एकत्र धरून ठेवणारे काही तरी हवे. हे काम काजू उत्तम करतो. पाऊण तास गरम पाण्यात भिजवलेला काजू, आणि त्यासाठी पाकळी किंवा तुकडा पुरेसा आहे, अख्खा महाग गर नको, थोड्या पाण्यात अगदी गंधासारखा वाटला म्हणजे त्यातील तेल, प्रथिने आणि पिष्ट यांचे स्थिर पायस तयार होते, पायस म्हणजे एकमेकांत न विरघळणाऱ्या द्रवांचे बारीक थेंबांच्या रूपातले मिश्रण. मिक्सर येथे दोषी नाही. बटाट्याला जे मारक तेच काजूला तारक ठरते. दक्षिण अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर गोव्यात आलेला हा काजू कोकणात इतका रुळला, की वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने त्याचे स्वतंत्र वाण काढले. बटाटाही त्याच खंडातला, अँडीजच्या पठारावरचा, तेव्हा पातेल्यात दोघांची गाठ पडणे गैर नाही.

प्रमाण सांगायचे तर एक किलो बटाट्यांना पाऊणशे ग्रॅम काजू, ते वाटण्यासाठी पाऊण ते एक वाटी पाणी, आणि साठ ग्रॅम वास नसलेले तेल पुरते. काजूत निम्म्याच्या आसपास स्निग्धांश असतो हे लक्षात घेता या गोळ्यात एकूण सुमारे पंचाण्णव ग्रॅम स्निग्धांश उतरतो, आणि हॅना ग्लास यांच्या पाव पौंड लोण्यातून तो सुमारे नव्वद ग्रॅम उतरत होता. म्हणजे व्हीगन असल्यामुळे हा पदार्थ हलका होतो असे मानणारांनी आपली समजूत तपासून घ्यावी. क्रम असा, की कुस्करलेल्या गरम बटाट्यात आधी तेल लाकडी उलथन्याने घोळून घ्यावे, म्हणजे पेशींवर स्निग्ध थर बसतो, मग कढत केलेला काजूरस दोन-तीन वेळा मिळून घालावा, आणि गोळा घट्ट वाटला तर बटाटा शिजवल्याचे पाणी चमचाभर घालावे. रस गार घातला तर गोळा लगेच आळतो.

बाजारातील पर्यायांविषयी थोडक्यात. सोयाचे दूध चालते, पण ते बिनसाखरेचे असावे. ओटचे दूध साखर न घालताही गोडसर असते, कारण ते करताना विकरांनी ओटमधील पिष्टाची माल्टोज नावाची साखर होते, आणि गोड बटाटा कोणालाच नको असतो. नारळाचे दूध दाटपणा देते पण वासाने सगळे ताट आपल्याकडे ओढते. मार्गारिन वनस्पतीजन्य असते हे गृहीत धरू नये, काहींत दुधाची पावडर असते. २०२२ च्या नियमांनुसार भारतात व्हीगन खाद्यपदार्थांसाठी स्वतंत्र चिन्ह ठरवलेले आहे, ते पाहून घ्यावे. हिवाळ्यात खोबरेल वापरू नये, ते साधारण चोवीस अंशांखाली गोठते व ताटात मेणचट लागते.

चवीचा प्रश्न उरतो, कारण लोण्याचा स्वतःचा वास काजूत नाही. बटाट्याबरोबरच पाण्यात सोललेल्या सात-आठ लसूणपाकळ्या शिजवून त्याच जाळीतून काढल्या तर तिखटपणा जाऊन गोडसर खोली येते; किसलेले जायफळ चिमूटभर आणि पांढरी मिरी ही युरोपातील जुनी जोड आहे, तीही शोभते. मीठ मात्र नेहमीपेक्षा सढळ लागते, कारण पिष्ट आणि तेल दोन्ही खारटपणा दडवतात.

हा पदार्थ फार वेळ ठेवण्याचा नाही. पातेले गरम पाण्यावर धरले तर तासभर निभते, पण फ्रीजमध्ये गेल्यावर पिष्ट घट्ट बसून सकाळी तो सुरीने कापता येण्याइतका कडक होतो, आणि तापवून, काजूरस घालूनही पहिला मऊपणा पूर्ण परत येत नाही. त्याची पॅटिस करणे हाच शहाणपणा, कारण घट्ट झालेले पिष्ट स्वतःच आकार धरते आणि एरवी पॅटिसला लागणारा पावाचा चुरा किंवा आरारूट घालावा लागत नाही. काजूमुळे ती तव्यावर पटकन लाल होतात, म्हणून आच मंद ठेवून बाजू एकदाच उलटावी.