तिजोरीत न गेलेले १०५ डॉलर

सुरुवातीलाच एक कबुली देतो. माझी दहावी कॉन्व्हेंटमधून झाली. तिथे मराठी म्हणजे फक्त 'स्कोरिंग' विषय! तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका सापडल्या तर संपादकांना सोडा, मला धरा. विषय मात्र आपल्या सगळ्यांच्या खिशाचा आहे.

झालं असं, की दिवाळीच्या सुट्टीत बाबांनी नवी बाईक घेतली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या टू-व्हीलरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणून त्यांनी दोन महिने कळ काढली होती. फ्लोरिडाला असणारा माझा मावसभाऊ तेव्हा घरी आला होता. बिल हातात घेऊन तो म्हणाला, "आमच्याकडे कार घेताना यातला थोडा टॅक्स कुणाला द्यायचा ते गिऱ्हाईक ठरवू शकतं." मला वाटलं, थापा मारतोय. पण त्याने नीट समजावून सांगितलं, मग मी पण वाचून काढलं. गोष्ट खरी आहे.

फ्लोरिडात राज्याचा वैयक्तिक आयकर नाही. सरकारचा बराचसा भार विक्रीकरावर. कार घेतली की ६ टक्के राज्याला. २०१८ मध्ये तिथे 'होप स्कॉलरशिप' नावाची योजना आली. कार विकत घेताना डीलर एक फॉर्म पुढे करतो. त्यावर सही केली, की तुमच्या करातले १०५ डॉलरपर्यंत सरकारकडे न जाता थेट शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेकडे जातात. जेवढे दिले तेवढी करात पूर्ण सूट. यालाच टॅक्स क्रेडिट म्हणायचं. समजा, २०,००० डॉलरची गाडी आहे. कर झाला १,२०० डॉलर. सही केली तर सरकारला १,०९५ आणि शिष्यवृत्तीला १०५. गिऱ्हाइकाच्या खिशातून एक सेंटही जास्त जात नाही.

ही शिष्यवृत्ती कुणाला? सरकारी शाळेत ज्या मुलाला मारहाण झाली, छळ झाला, रॅगिंग झालं, धमक्या आल्या, त्याला. त्याने दुसऱ्या सरकारी शाळेत जावं, नाहीतर शिष्यवृत्ती घेऊन खाजगी शाळेत.

सुट्टी संपवून हॉस्टेलला आलो आणि रूम पार्टनरला हे सांगितलं. तो तर उठूनच बसला. "भारी आहे यार! आपल्याकडे पण पाहिजे." त्याच्या उड्या मारण्याला कारण आहे. त्याच्या वडिलांची चार एकर सोयाबीन. फीची अर्धी रक्कम स्कॉलरशिपमधून मिळायची, तिचा मागच्या वर्षीचा दुसरा हप्ता अजून आलेला नाही. पोर्टल उघडलं की तेच एक वाक्य. मेसचं बिल थकलंय, परीक्षा फॉर्मच्या वेळी ऑफिसमध्ये अर्ज-विनंत्या झाल्या. तो म्हणाला, "पैसा तिजोरीत गेला की अडकतो. न गेलेलाच बरा."

मला पटलं. खरं सांगतो, त्या रात्री मी पण त्याच्याच बाजूने होतो. पण लाईट गेल्यावर अंधारात पडल्या पडल्या विचार करत राहिलो, आणि एक साधा प्रश्न काही केल्या सुटेना. ते १०५ डॉलर नेमके कुणाचे?

गिऱ्हाइकाचे? त्याला तर ते द्यायचेच होते. सही नसती केली तर सरकारला गेले असते. दान म्हणावं तर दात्याचं काहीच कमी झालेलं नाही. आपल्याकडे जुन्या करपद्धतीत ८०-जी खाली पूर्ण वजावट मिळणाऱ्या ठिकाणी १०,००० रुपये दिले आणि तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर कर ढोबळमानाने ३,००० ने कमी होतो. उरलेले ७,००० तुमच्या घरचे गेले. त्याला दान म्हणता येतं. इथे सगळेच्या सगळे पैसे सार्वजनिक, आणि 'मी दिले' हे समाधान मात्र खाजगी!

मग ही उलटी वाट काढली कशाला? सरकारने सरळ कर गोळा करावा आणि शिष्यवृत्ती द्यावी. तर इथे खरी गोम आहे. सरकारी पैशातून खाजगी शाळेची फी भरण्याची एक योजना फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये घटनाबाह्य ठरवली. राज्यघटनेने सगळ्यांसाठी सारखी, मोफत सरकारी शाळा सांगितली आहे, तिच्याशी स्पर्धा करणाऱ्या शाळांना जनतेचा पैसा देता येणार नाही, असं म्हणणं. पण २००१ पासून कंपन्यांच्या करातून, क्रेडिटच्या मार्गाने जी शिष्यवृत्ती चालू होती, ती टिकली. तिच्याविरुद्धची केस २०१७ मध्ये संपली, आणि ती शिष्यवृत्ती बरोबर की चूक इथपर्यंत पोचायच्या आधीच संपली. केस करणाऱ्यांना तो अधिकारच नाही, असा निकाल झाला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पण ॲरिझोनाच्या अशाच योजनेबद्दल २०११ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी असंच म्हटलं. क्रेडिटमधला पैसा म्हणजे सरकारने केलेला खर्च नव्हे, म्हणून नुसता करदाता म्हणून कुणी त्याविरुद्ध कोर्टात येऊ शकत नाही.

म्हणजे बघा, कागदावरच्या एका सहीने पैशाचं नाव बदललं. कर होता तोवर सगळ्यांचा होता आणि त्याचा जाब विचारता येत होता. तिजोरीच्या दारातून वळवला, की विचारायचा हक्क गेला. आपण सर्किटमध्ये शॉर्ट करतो तसंच. करंट तर वाहतो, पण मीटर बायपास होतो!

माझा विरोध आहे तो इथे. शिष्यवृत्तीला नाही, मीटर बायपास करण्याला.

अजून दोन गोष्टी खटकल्या. एक, मार खाल्लेल्या मुलाला दुसऱ्या शाळेत पाठवलं, पण मारणारा तिथेच राहिला. पुढच्या वर्षी तो दुसरा कुणीतरी शोधेल. हे आपल्याला हॉस्टेलवाल्यांना कुणी शिकवायला नको. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ मध्ये आला, तो 'ज्याला त्रास होतो त्याने हॉस्टेल बदलावं' असं सांगत नाही, त्रास देणाऱ्याला धरतो. दुसरी, गाड्या कमी खपल्या तर काय? एखाद्या पोराचं शिक्षण शोरूमच्या धंद्यावर का टांगायचं?

आता रूम पार्टनरकडे वळतो. त्याचा मुद्दा मी खोडून काढलेला नाही. तिजोरीत गेलेला पैसा अडकतो, हे खरंच आहे. मग उपाय काय?

एक उपाय आपल्याच राज्यात सापडतो. आपल्या सरांना विचारा, पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कशाचे कापले जातात? व्यवसाय कराचे. वर्षाला २,५००. हा कर महाराष्ट्रात १९७५ मध्ये आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करण्यासाठी. शहरातल्या पगारदाराच्या खिशातून दुष्काळी भागातल्या मजुराच्या हाताला काम! कर सरकारनेच घ्यायचा, तिजोरीतच जमा करायचा, पण कशासाठी ते आधी सांगून. कुणाला 'मी दान केलं' म्हणून मिरवायची सोय नाही.

पण नुसतं नाव दिलं म्हणजे झालं, असंही नाही. २००७ मध्ये केंद्राने माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी १ टक्का वेगळा उपकर लावला. दहा वर्षांत त्यातून ८३ हजार कोटींहून जास्त जमा झाले, आणि कॅगने २०१७ मध्ये दाखवून दिलं की त्यासाठी वेगळा निधीच उघडलेला नव्हता! निधीला मंजुरी मिळाली त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. घराघरातून शिक्षणाच्या नावाने पैसे घेतले आणि डबा कुठे ठेवला तेच माहीत नाही. पण हे उघडकीला आलं कसं? पैसा तिजोरीत गेला होता म्हणून! तिथे कॅग होता, हिशोब होता. पैसा बाहेरच्या बाहेर वळला असता तर हे कुणी विचारलं असतं?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. गाडीच्या करातला वाटा शिष्यवृत्तीला द्यायचा असेल तर जरूर द्या. बाबांच्या बिलावर तशी एक ओळ छापलेली मला आवडेल. पण तो कायद्याने द्या, प्रत्येक गाडीमागे द्या, गिऱ्हाइकाच्या मर्जीवर नको. तो वेगळ्या निधीत जमा करा. विक्री घटली तर तूट सरकारने भरायची. आणि किती आले, किती वाटले, कुठल्या तारखेला वाटले, हे दर तीन महिन्यांनी जाहीर करा. फ्लोरिडाची एक गोष्ट मात्र घ्यावी. तिथे कार घेणाऱ्याला आपल्या करातला एक आकडा कुठे गेला ते कळतं. आपल्याला तेवढंही कळत नाही.

हे सगळं रूम पार्टनरला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "लेख मस्त झालाय. पण निधी होईपर्यंत मी पास आऊट होऊन जाईन." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

पण एक गोष्ट आपल्या कॅम्पसमध्येच होऊ शकते. कुणाचा स्कॉलरशिप फॉर्म कधी तपासला, कधी पुढे पाठवला आणि आता कुठल्या टेबलावर आहे, याचा तक्ता ऑफिसने दर महिन्याला नोटीस बोर्डावर लावावा. नावं नकोत, नुसते अर्ज क्रमांक. ऑफिसमधली मंडळी परीक्षेच्या दिवसांत रात्री आठपर्यंत बसतात हे आम्ही बघतो. खिडकीवर रोज त्याच प्रश्नाला तेच उत्तर देण्यातून त्यांचीही सुटका होईल. पैसा लगेच येणार नाही, मान्य. पण तो नेमका कुठे अडलाय ते कळेल, आणि विचारायचं कुणाला ते पण.

मीटर निदान आपल्या बाजूला तरी चालू राहू दे!